पालखी दारातून फिरली ते वर्ष

त्या वर्षी माझ्या घरात रोज माणसं मरत होती. सकाळचा चहा झाला की फोनच्या तारेतून ती यायची. कुणाच्या पोटात गोळी, कुणाच्या बरगडीत चाकू, कुणाला नवऱ्याने जिन्यावरून ढकललेलं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवायचे, ते आवाज पुण्याच्या एका कंपनीकडून माझ्या कॉम्प्युटरवर उतरायचे, आणि मी कानाला हेडफोन लावून, पायाखालचं पेडल दाबत, एकेक शब्द ऐकून टाइप करायचे. संध्याकाळच्या आत सगळं परत पाठवायचं. डावी-उजवी चुकलीस तर माणूस भलत्या बाजूने कापला जाईल, असं कोर्सच्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला माझी सात वर्षांची मुलगी तीनाचा पाढा म्हणत बसायची. म्हणजे ओठ हलवायची. आवाज काढायला परवानगी नव्हती.

माझं माहेर तुडीलचं, कॉलेज महाडात, हा कोर्स पुण्यात. एवढं शिकून लग्न झालं ते पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या गावात. नवरा महाडच्या कारखान्यांचा टँकर चालवायचा, आठवड्यात एखादा दिवस घरी. गावात फोन होते तीन-चार, कॉम्प्युटर एकच, माझा. बायका म्हणायच्या, ही दिवसभर कानात बोळे घालून बसते, हिचं काय काम आणि काय धाम. मी पूर्ण वेळाची नोकरी करते हे कुणाला पटायचंच नाही. घरात बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई. कुणीही यावं, दार ढकलावं, वाटीभर साखर मागावी आणि बसून घ्यावं.

म्हणून मी मुलीला नियम घालून दिला होता. आमच्याकडे तोडूनच बोलतात, मीही तसंच बोलले होते. "हे कानाला असेपर्यंत आई मेली असं समज. हाक मारायची नाही, दार उघडायचं नाही. कुणीही येऊ दे." त्याच्या आदल्या आठवड्यात तिने कुणाला तरी दार उघडलं होतं आणि मागोमाग शेजाऱ्यांचा बोकड आत येऊन मोडेमची वायर चावून गेला होता. माझी अख्ख्या दिवसाची कमाई बोकडाच्या पोटात. तेव्हा मी तिच्या हातावर पट्टीही मारली होती. मी मारायचे, खोटं कशाला सांगू. शाळेत गुरुजी "हात पुढे" म्हणायचे, घरी मी म्हणायचे. पोर गुणी. हात पुढे करायची आणि मार संपेपर्यंत मागे घ्यायची नाही.

तर शिमगा आला. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. ढोल वाजवत येते, अंगणात नाचते, मग घरात पाटावर बसते. घरची बाई देवीची ओटी भरते, नारळ देते, गुरव सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालतो. वर्षभर भांडलेले भाऊसुद्धा त्या दिवशी एका दारात उभे राहतात. देवीला दार बंद मिळालं, असं आमच्या गावात कुणाच्या आठवणीत नव्हतं. आमच्या आळीत ती दुसऱ्या दिवशी यायची होती. मी नारळ आणून ठेवला होता, खण काढून ठेवला होता, जमीन सारवायची सकाळी ठरवली होती.

पालखी निघायच्या आदल्या रात्री वरच्या वाडीत एक म्हातारा गेला. सुतक पडलं, तिथली घरं वगळली गेली आणि पालखी एक दिवस आधीच आमच्याकडे वळली. सांगायला माणूस आला होता म्हणे. दार वाजवून गेला. मी तेव्हा मेलेली होते. माझ्या कानात एका पोराच्या मानेत घुसलेल्या काचेची लांबी-रुंदी चालू होती आणि डॉक्टर तोंडात काहीतरी चघळत बोलत असल्यामुळे मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ढोल मला ऐकूच आला नाही.

हेडफोन काढला तेव्हा घर शांत होतं. मुलगी दाराशी उभी होती. दोन्ही हात वर करून तिने आतली कडी घट्ट धरून ठेवली होती, कारण मघाशी बाहेरून माणसं दार ढकलत होती. तिचा परकर ओला झाला होता. मला म्हणाली, "आई, पालखी आली होती. मी नाही उघडलं." शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी दार उघडलं. अंगणात गुलाल सांडला होता आणि माणूस कुणी नव्हतं.

संध्याकाळी गावकी बसली, देवळासमोरच्या सहाणेपाशी. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. गावकीत शब्द चालायचा माझ्या चुलत सासऱ्यांचा. त्यांचं घर आमच्या समोरच, मध्ये बैलगाडीपुरती वाट. माझी मुलगी त्यांना आबा म्हणायची आणि उन्हाळ्यात तिला डोंगरावरची करवंदं पानाच्या द्रोणात घालून आणून द्यायचे ते हेच. मी सगळ्यांसमोर डोकं टेकवलं, चुकले म्हटलं, मनापासून म्हटलं. माझ्याही घरी देव आहेत. ते तेवढ्यावर मिटलं असतं. पण आबांनी विचारलं, कडी कुणी धरली होती?

"पोरीनं धरली व्हती," कुणीतरी फटीतून पाहिलेलं होतं.

"मंग पोरीला आन," आबा म्हणाले. "तिनं देवीला दारात उभी ठेवली. नाक घासू दे हितं सगल्यांसमोर. लहान असली म्हनून काय झाला."

चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "माझ्या पोरीला हात लावलात तर या सहाणेवर तुमचं रक्त सांडेन." असं सासऱ्याला, देवळासमोर, शिमग्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तशी ती लावलेली नव्हती. मला ते खरंच करायचं होतं. त्याच संध्याकाळी घरी पोचलेल्या नवऱ्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. आबा रागावले नाहीत, "बरा" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाळीत.

वाळीत टाकणं बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, बोलत नाहीत तर नाही, एवढं काय? विहिरीवर मी गेले की बायका भरलेल्या कळशा ओतून टाकून निघून जायच्या. दुकानदार माझ्याकडे न बघता फळी लावायचा. गिरणीवाला पट्टा काढून ठेवायचा. मी पोलादपूरहून पीठ आणायला लागले, तर एसटीत आमच्या गावचा माणूस माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवून उभा राहायचा. मग कौलांवर दगड पडायला लागले. मग एक दिवस फोनची तार कापली. ती मी खांबापाशी जाऊन दाताने सोलून पुन्हा जोडली, हिरडीतून रक्त आलं, ते तिथेच वाटेवर थुंकले आणि मोठ्याने सांगितलं की पुढच्या वेळी दुसऱ्याचं थुंकेन. कंपनीला मी लाइन खराब होती असं कळवलं. कंपनीत फोन घेणाऱ्या पुण्याच्या पोरीला काय सांगणार होते, देवी माझ्यावर रागावली आहे म्हणून?

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी नवं दप्तर घेऊन तिसरीत गेली. पहिल्या आठवड्यात तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दप्तर चिखलात. मग एक दिवस ती घरी आली ती कपाळावर हात दाबून, आणि हाताच्या खालून, नाकावरून, गणवेशावर रक्त. मी कामात होते. ती आत आली, माझ्या कानाला हेडफोन बघितला आणि समोर उभी राहिली. हाक मारली नाही. मी पेडलवरून पाय काढेपर्यंत ती तशीच उभी होती.

तिला ओढत पोलादपूरला नेलं, टाके घातले, परत आणलं, अंथरुणावर निजवलं. मग कोयता घेतला आणि वाट ओलांडली. आबांचं दार बंद होतं, मला येताना बघून लावलं असेल. चांगलं सागाचं दार. मी त्यावर कोयता घातला. "दार उघडलं नाही म्हणून ना? मग तुम्ही उघडा आता! उघडा!" पुन्हा घातला. लाकडाच्या कपच्या माझ्या तोंडावर उडत होत्या. आळीतला एकही माणूस बाहेर आला नाही, मला धरायला नाही की मारायला नाही. आतून त्यांची नात रडत होती, माझ्या मुलीच्या वर्गातली, शिमग्यापर्यंत आमच्याच घरी जेवणारी. तिचं रडणं ऐकलं आणि माझा हात थांबला. कोयता दारात रुतून बसला होता, तो पाय लावून उपटावा लागला.

शाळेच्या वाटेवर तिला दगड कुणी मारला ते कधी कळलं नाही. पोलीस स्टेशनात हवालदार म्हणाले, पोरं खेळताना लागतं, आणि बाई, गाव करील ते राव काय करील, मिटवून टाका. गुरुजी घाटावरचे, सज्जन आणि घाबरट. ते एकदा हळूच येऊन सांगून गेले की नाव कमी करत नाही, घरीच शिकवा, परीक्षेला तेवढं आणा. तेही वाटेकडे बघत बघत बोलले.

आणि अशी माझी घरातली शाळा सुरू झाली. आता लोक हौसेने असलं काही करतात म्हणे. मला हौस नव्हती. सकाळी फायली उतरायला लागल्या की तेवढ्या वेळात मराठीचा धडा. एक फाइल टाइप झाली की बेरजा तपासायच्या, दुसरी झाली की वजाबाक्या. वीज गेली की भूगोल, कारण वीज कधी येईल याचा भरवसा नाही आणि भूगोलही असाच लांबलचक. माझ्या एका कानात रक्तबंबाळ माणसं, एका डोळ्यासमोर रायगड जिल्ह्यातल्या नद्या. कधी कधी दोन्ही मिसळायचं आणि मी ओरडायचे, मग पट्टी, मग मी "हात पुढे" म्हणायच्या आतच तिचा हात पुढे. बाहेर एकही पोर तिच्याशी खेळणारं नाही आणि आत मी ही अशी. कंपनी म्हणायची चुका वाढल्या, पोर म्हणायची आई, मला खेळायला जायचंय, आणि मी दोघांनाही एकच उत्तर द्यायचे, आजचं होऊ दे.

पावसाळा सरता सरता एक दिवस वीज गेली. आवाज थांबला. मी हेडफोन काढला नाही, दमले होते, डोळे मिटून तशीच बसले. तिच्या हिशेबाने मी मेलेलीच होते. तिने स्वयंपाकघरातून पळी, डाव, झारा आणून भिंतीला ओळीने उभे केले आणि शाळा मांडली. पळीला पाढा विचारला. डावाला कविता विचारली. मग झाऱ्यासमोर उभी राहिली.

"हात पुढे," ती म्हणाली. आणि झाऱ्याला मारायला लागली. "दार का नाय उघडलास? देवी आली तर दार का नाय उघडलास? तुझ्यामुळं आईला कोन बोलत नाय." पट्टी मोडली तरी मारत होती. दात आवळून, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. झारा पडला की उचलून उभा करायची आणि पुन्हा मारायची.

मी सहा महिने गावाशी भांडत होते आणि ही इथे, माझ्या टेबलाशेजारी, रोज स्वतःलाच फोडून काढत होती. मी तिला उचलून घेतलं. सांगितलं, तू काही केलं नाहीस, मी सांगितलं तेच केलंस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आबा बोलत का नाहीत?" मी तिच्या मुठीतली मोडकी पट्टी काढून घेतली.

नवरा आला तेव्हा मी म्हटलं, आता महाडात खोली बघ. इथे माझी पोर वेडी होईल. तो तयार झाला, त्याला हवंच होतं. मुलीला सांगितलं, आपण महाडला जाऊ, मोठी शाळा, नवीन मैत्रिणी. तिने विचारलं, पालखी तिकडे येते का? नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग शिमग्यानंतर जाऊ. पालखी परत येईल तेव्हा मी दार उघडते. मग जाऊ."

मी तिला समजावलं की वाळीत टाकलेल्या घरी पालखी येत नाही, अंगणावरून पुढे जाते. तिला ते पटलं नाही. उघडलं तर येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेव्हा आमचं जाणं-राहणं, माझी नोकरी, तिची परीक्षा, सगळं त्या एका दिवसापाशी येऊन अडकलं. गावकीने निरोप पाठवला होताच. पोरीनं सहाणेवर नाक घासलं तर विषय संपला. मी निरोप आणणाऱ्याच्या पायापाशी भांडं आपटलं होतं.

शिमगा आला. नवरा टँकरवर. त्याला सुट्टी मिळाली नाही की त्याने मागितली नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी मी कॉम्प्युटर चालूच केला नाही. अमेरिकेतली माणसं एक दिवस माझ्याशिवाय मरू देत म्हटलं. मुलीने पहाटेपासून दार उघडून ठेवलं होतं, सताड, आणि वाऱ्याने लागू नये म्हणून खाली पाटा सरकवला होता. तिने रांगोळी काढली. पाट मांडला. खण, तांदूळ, हळद-कुंकू ताटात ठेवलं. नारळ सोलायला कोयता घेऊन पायरीवर बसले आणि मनातल्या मनात ठरवलं की आज ही पालखी पुढे गेली आणि माझी पोर या दारात रडली, तर आज मी कुणाला तरी तोडणार. मला फक्त कुणाला ते ठरवायचं होतं.

ढोल जवळ आला. आबा पुढे, हातात काठी, मागे गुलालाने माखलेली माणसं, त्यांच्या खांद्यावर पालखी. आबांच्या अंगणात ती नाचली. त्यांच्या दारावर माझ्या कोयत्याचे घाव तसेच होते, त्यांनी दार बदललं नव्हतं. मग पालखी बाहेर आली, वाटेवर आली आणि आमच्या अंगणाकडे पाठ करून वरच्या अंगाला वळली.

मुलगी माझ्या बाजूने कधी निसटली ते मला कळलं नाही. ती धावत जाऊन वाटेच्या मध्ये, पालखीच्या पुढे उभी राहिली. एवढीशी, खाऱ्या दाण्यांच्या पुडीएवढी. आबांनी काठी आडवी केली, तिला बाजूला सारायला. मी कोयता घेऊन उठले.

तिने हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ.

"आबा, मला मारा," ती म्हणाली. "पन घरात चला."

ढोलवाल्याचा हात थांबला. सगळ्या आळीला ऐकू गेलं. आबांनी तिच्या हाताकडे बघितलं, कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कोयत्याकडे. पुढच्या खांद्यावर असलेला पोरगा त्यांचाच मुलगा. तो वळला. बाकीचे त्याच्यामागे वळले. आमच्याकडे म्हणतात, देवी ओढते तिकडे पालखी जाते, आणि मग कुणी कुणाला जाब विचारत नाही. आबा वाटेवरच उभे राहिले आणि त्यांनी अडवलं नाही.

अंगणात पालखी नाचली, घरात आली, पाटावर बसली. मी ओटी भरली. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. नारळ मी त्याच कोयत्याने सोलला होता, तो देवीपुढे ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आमच्या घराचं नाव घेऊन, काही झालंच नाही असं. बायका आत शिरल्या, एकीने तर माझ्या पाठीवर हात ठेवून "बरी हायस ना गो" असं विचारलं. वर्षभर माझ्यासमोर कळशा ओतणारी तीच. घरात माणूस मावेना. आणि मुलगी कुठे दिसेना.

मी गर्दीतून वाट काढत बाहेर आले. ती वाटेवर होती, सोडली होती तिथेच. हात अजून पुढे केलेला, तळवा वर. आबा कधीच निघून गेले होते. संपलं, हात खाली घे, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तिची बोटं एकेक करून मिटवायला लागले. ती मिटेनात.